गोलकीपरची हजेरी

त्या सीझनच्या शेवटच्या सामन्यात आमची गोलकीपर खेळली नाही. कॉलेजच्या रेकॉर्डमध्ये कारण लिहिलेलं आहे : हजेरी कमी. ते कारण मी लिहिलं. ते खोटं नाही. पण मी मनात आणलं असतं तर ती खेळली असती, आणि मी मनात आणलं नाही. या गोष्टीला चार वर्षं झाली. गेल्या महिन्यापर्यंत हे कुणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्यालासुद्धा नाही. आता सांगायचं ठरवलंय तर सरळच सांगते. आडवळणाने सांगण्याचा आता कंटाळा आलाय.

मी बर्मिंगहॅममधल्या एका कॉलेजात हजेरीच्या ऑफिसात काम करते. कॉलेज म्हणजे इथलं, सोळा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींचं. कुणी ए-लेव्हल्स करतं, कुणी प्लंबिंग शिकतं, कुणी केस कापायला. शिक्षक वर्गात रजिस्टर भरतात, ते माझ्या स्क्रीनवर उमटतं. जो नसेल त्याच्यापुढे लाल खूण. मग त्याने येऊन कारण सांगितलं आणि मला ते पटलं, की मी लाल खुणेच्या जागी ‘ऑथराइज्ड’चा कोड टाकते. मग ती गैरहजेरी धरली जात नाही. खरं तर कागद मागायचा असतो. पण दिवसाला शंभरभर खुणा, प्रत्येकाचा कागद कोण बघत बसणार? कुणाला मागायचा आणि कुणाला नाही, हे माझ्यावर असतं. सगळं या एवढ्याशा गोष्टीवर आहे, म्हणून आधी सांगितलं.

त्या वर्षी कॉलेजने मुलींचा फुटबॉल संघ पहिल्यांदाच काढला. मुली मिनीबसने जाणार तर सोबत स्टाफपैकी एक बाई हवी, असा नियम निघाला. इथल्या कॉलेजांचे सामने बुधवारी दुपारी असतात, आणि बुधवारी दुपारी माझं ऑफिस थंड असतं. एवढ्याच पात्रतेवर माझी नेमणूक झाली. फुटबॉलमधलं मला काही कळत नव्हतं. शाळेत मी खो-खोसुद्धा बाहेर बसून बघितलेला. कोच होता प्लंबिंग शिकवणारा एक ग्लासगोचा माणूस, साठीला टेकलेला, गुडघे गेलेले. बोलायचा असा की पहिले दोन महिने मला त्याचं निम्मं बोलणं नुसतं हसून घ्यावं लागलं.

पहिला सामना आम्ही अकरा-शून्य हरलो. परतताना सिग्नलला मिनीबस थांबली तसा कोच मागे वळून म्हणाला, “मुलींनो, चांगली बातमी आहे. गोलपोस्ट दोन असतात हे आज आपल्या सगळ्यांना कळलं.”

“सर, आम्हाला एकच दिसला,” कॅप्टन म्हणाली. “आमच्याच मागचा.”

ही कॅप्टन केस कापायचं शिकणारी, उंच, लालसर केसांची, सतत काहीतरी चघळणारी मुलगी. पहिल्या सामन्यानंतर मी डब्यातून शंकरपाळे दिले, तेव्हापासून दर बुधवारी ती “मिस, डायमंड बिस्किटं कुठायत?” म्हणून माझी पिशवी उचकटायची. मला ते आवडायचं, हेही कबूल करते. पंचवीस वर्षं या देशात राहून माझी पिशवी कुणी इतक्या हक्काने उघडली नव्हती.

तिसऱ्या सामन्यानंतर आमची गोलकीपर सोडून गेली. “मला मार खायला आवडत नाही,” म्हणाली, आणि तिचं बरोबर होतं. कोच माझ्या खिडकीशी येऊन रडगाणं गात होता. त्याच वेळी खिडकीपुढे एक मुलगी उभी होती, मंगळवारच्या गैरहजेरीचं काहीतरी सांगायला आलेली. बुटकी, जाड भिंगांचा चष्मा, बाह्या बोटांपर्यंत ओढलेला स्वेटर. ती हळूच म्हणाली, “मी उभी राहू का?”

कोचने तिला वरपासून खालपर्यंत बघितलं. मग माझ्या टेबलावरचा सेलोटेपचा रोल उचलला आणि काही न सांगता तिच्या दिशेने फेकला. तिने तो डाव्या हाताने झेलला. उजव्या हातात बसचा पास होता, तो तिने सोडला नाही.

“बुधवारी एक वाजता,” कोच म्हणाला. “चष्म्याला दोरी बांध.”

तो गेल्यावर मी स्क्रीनवर तिचं नाव उघडलं. आडनाव वाचलं. मराठीत विचारलं, “मराठी का गं तू?”

तिचा चेहरा एकदम उजळला. “हो! तुम्ही पण?”

“मूळचे कुठले गं तुम्ही?”

“नागपूर. म्हणजे मी चार वर्षांची होती तेव्हा आलो आम्ही इथे.”

मला कळायचं ते कळलं. ज्या मराठी वाचकाला हे सांगावं लागत नाही, त्याला कळेल की मला काय कळलं. ते रविवारी विहारात जाणारे आणि आम्ही महाराष्ट्र मंडळात जाणारे, एवढंच. पण आडनाव वाचल्यापासून ‘मूळचे कुठले’ विचारेपर्यंत माझ्या डोक्यात एक कप्पा उघडला आणि ती त्यात जाऊन बसली. मी काही वाईट बोलले नाही. हसले. “छान,” म्हटलं. आणि मंगळवारच्या गैरहजेरीचा कागद मागितला.

कागद नव्हता.

ती गोलमध्ये उभी राहिली त्या पहिल्या सामन्यात आम्ही चार-शून्य हरलो, आणि कोच परतीच्या वाटेवर गाणं म्हणत होता. तिला फुटबॉल येत नव्हता. लाथ मारली तर चेंडू कुठेही जायचा. पण झेलायला सांगा. चेंडूपेक्षा तिला चेंडू मारणाऱ्या मुलीचा खांदा आधी दिसायचा, असं कोच म्हणायचा. ती चिखलात आडवी पडायची, उठायची, चष्मा जर्सीला पुसायची, जर्सीच्या चिखलाने तो आणखी बरबटायचा, आणि तशीच पुन्हा उभी राहायची. प्रतिस्पर्धी मुली हसायच्या. दुसऱ्या हाफपर्यंत हसणं थांबायचं.

डिसेंबरमध्ये आम्ही पहिली बरोबरी केली, एक-एक. शेवटच्या मिनिटाला तिने एक पेनल्टी अडवली. मुली तिच्या अंगावर अशा पडल्या की मला वाटलं, एखादीचं हाड मोडलं. मी साइडलाइनला बधिर पायांनी उभी होते आणि माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. थंडीने आलं असेल म्हणा.

त्या दिवशी मिनीबसमध्ये ती माझ्या शेजारी बसली. बाकी सगळ्या मागे ओरडत होत्या. ती मला बाहेर मराठीत ‘काकू’ म्हणायची, कॉलेजात ‘मिस’. मी विचारलं, “दर मंगळवारी-गुरुवारी सकाळी कुठे असतेस गं तू?”

“आईचा डायलिसिस असतो, काकू. मंगळवार, गुरुवार, शनिवार. बाबा वेअरहाउसमध्ये, त्यांना सुट्टी नाही देत. आईला इंग्लिश नाही येत ना जास्त, आणि मध्येच तिचा बीपी पडतो. मग ती घाबरते. मी तिला सोडते, मशीन लावेपर्यंत थांबते, मग येते.”

“मग हॉस्पिटलचं पत्र आण की. लगेच ऑथराइज होईल.”

“आई नाही देत. ती म्हणते, पत्र दिलं की कौन्सिलचे लोक घरी येतील. मुलीला कामाला लावलं म्हणतील. आमच्या ओळखीत एकांकडे आले होते.”

तिच्या आईची भीती अगदीच बिनबुडाची होती असं मी म्हणणार नाही. परक्या देशात सरकारी माणूस दारात उभा राहिला की काय होतं ते मलाही माहीत आहे. “बघते,” मी म्हटलं.

ते ऐकून ती सैल झाली. थोड्या वेळाने खिडकीबाहेर बघत स्वतःहून म्हणाली, “काकू, बॉल येतो ना, तेव्हा दुसरं काहीच डोक्यात नसतं. आठवड्यात तेवढाच वेळ.”

हे मी ऐकलं होतं. मला माहीत नव्हतं असं नाही. बुधवारचे ते दोन तास तिच्यासाठी काय होते, हे तिने मला तिच्या शब्दांत सांगितलं होतं. पुढे मी जे केलं ते हे माहीत असताना केलं.

जानेवारीत मैदानं गोठली, दोन सामने रद्द झाले. फेब्रुवारीत एक जिंकलो. एकच. कोचने त्या दिवशी सगळ्यांना चिप्स खाऊ घातल्या आणि स्वतः गाडीत बसून बायकोला फोन करून निकाल तीनदा सांगितला. आमच्याखाली आता फक्त एक कॉलेज उरलं होतं, आणि शेवटचा सामना त्यांच्याशीच होता. प्रिन्सिपलने निरोप दिला : संघ तळाला राहिला नाही तर पुढच्या वर्षीही चालू ठेवू. म्हणजे आम्हाला बरोबरी पुरेशी होती. आणि त्याच निरोपात दुसरी ओळ होती : पंच्याऐंशी टक्क्यांच्या खाली हजेरी असलेल्या विद्यार्थिनीला सामन्यात उतरवू नये.

सामन्याआधीच्या सोमवारी मी यादी काढली. कॅप्टन एक्क्याऐंशी. उजव्या बाजूने पळणारी एक सोमाली मुलगी, त्र्याऐंशी. गोलकीपर, चौऱ्याऐंशी.

कॅप्टन सकाळीच खिडकीशी आली. “मिस, मी मेले का?”

“कुठे असतेस सकाळी?”

“झोपलेली. खोटं कशाला सांगू? शनिवार-रविवार कॅफेत काम असतं, सोमवारी उठवत नाही.”

“तब्येत बरी नव्हती असं लिहिते.”

“मिस, तुम्ही म्हणजे देवी आहात.”

“पळ. आणि सोमवारी ऊठ.” मी तिच्या सहा लाल खुणा पुसल्या. सोमाली मुलीच्या तीन पुसल्या. तिच्या बहिणीला बाळ झालं होतं, कारण चांगलं होतं, कागद नव्हता. एवढं करायला मला चहाच्या एका कपाएवढा वेळ लागला.

दुपारी गोलकीपर आली. बाह्या बोटांपर्यंत ओढलेल्या. यादी बाहेर लागली होती, तिने पाहिली होती. “काकू, एकच सेशन कमी पडते. एक मंगळवार फक्त.”

खिडकीमागे माझी इंग्लिश सहकारी बसली होती. मी म्हणाले, “कॉलेजात मिस म्हणायचं.” इंग्लिशमध्ये म्हणाले.

तीही मग इंग्लिशमध्ये आली. “मिस, एकच सेशन आहे. तुम्हाला माहीत आहे मी कुठे असते.”

“तुझ्याकडे कागद आहे का?”

“नाही.”

“मग मला काही करता येणार नाही. नियम सगळ्यांना सारखा आहे.”

ती भांडली नाही. भांडली असती तर कदाचित मी विरघळले असते. तिने नुसती मान हलवली, जणू दुकानात दूध संपलंय म्हणून सांगितलं, आणि गेली. सहकारी म्हणाली, “तुमच्याच देशाची ना ती? कठीण जात असेल तुम्हाला.” मी म्हटलं, “हो.” आणि मला तेव्हा अगदी मनापासून वाटलं की आपण काहीतरी कठीण आणि योग्य केलं.

बुधवारी डावीकडे बचावात खेळणाऱ्या मुलीला गोलमध्ये उभं केलं. तिने हातमोजे उलटे घातले होते, ते हाफटाइमला कुणाच्या तरी लक्षात आलं. आम्ही पाच-एक हरलो. पाचवा गोल तर चालत गेला. चेंडू मुलीच्या पायांमधून हळूहळू गेला आणि रेषेपलीकडे थांबला, आणि सगळ्या त्याच्याकडे बघत राहिल्या. संघ तळाला. शंकरपाळ्यांचा डबा तसाच परत आला. मला उतरवताना कोच एवढंच म्हणाला, “ती पोरगी असती तर दोन अडवले असते. निदान दोन.” मला दोष द्यायला नाही म्हणाला. त्याला काही माहीतच नव्हतं. तो फक्त हिशेब करत होता, थकलेला माणूस करतो तसा.

ती सामना बघायला आली होती. लांब, कुंपणाशी, बसस्टॉपच्या बाजूला उभी. निम्म्यात गेली.

त्यानंतर तिची हजेरी आणखी घसरली. मंगळवार-गुरुवार जायचेच, आता बुधवारही गेले. ईस्टरनंतर ती आलीच नाही. सलग चार आठवडे लाल खुणा झाल्या की नाव काढून टाकायचं असतं. मी दोन पत्रं पाठवली, ठरलेल्या नमुन्यातली. फोन केला नाही. मला मराठी येत होतं, तिच्या आईशी बोलू शकणारी त्या अख्ख्या इमारतीतली मी एकमेव बाई होते, आणि मी नमुन्यातली इंग्लिश पत्रं पाठवली. मग तिच्या नावापुढे ‘विथड्रॉन’चा कोड टाकला. तोही मीच.

एवढी वर्षं मी स्वतःला एक गोष्ट सांगत आले. कॉलेजात येण्याआधी मी एका डॉक्टरांच्या सर्जरीत, म्हणजे इथल्या दवाखान्यात, रिसेप्शनला होते. तिथे कुणीतरी लेखी तक्रार केली होती की ही बाई आपल्या लोकांना लवकर अपॉइंटमेंट देते. दिली असेनही, एखाददोनदा. कुणाचं मूल तापाने फणफणलेलं, फोनवर आई मराठीत रडतेय, काय करणार? पण त्या तक्रारीनंतर मी तिथे मान वर करून बसू शकले नाही. सोडलं ते काम. तेव्हापासून ठरवलं, आपल्या माणसाला उलट जास्त कडक. कुणी बोट दाखवायला नको. ती मुलगी आपली होती म्हणून मी सवलत दिली नाही. असं मी स्वतःला सांगायचे. दुःखद, पण स्वच्छ. या गोष्टीत मी बरी दिसते.

फक्त ती गोष्ट खरी नाही.

त्याच वर्षी, त्याच फेब्रुवारीत, कॉम्प्युटरच्या वर्गातला एक विद्यार्थी दोन आठवडे पुण्याला गेला होता, धाकट्या भावाच्या मुंजीला. त्याचे आईवडील आमच्या मंडळातले, दिवाळीला आमच्याकडे फराळाला येणारे. त्याच्या आईने फोन केला, “अगं, तेवढं बघशील ना हजेरीचं?” आणि मी बघितलं. दोन आठवडे, सगळे सेशन, ‘ऑथराइज्ड, धार्मिक कारण’. कागद मागितला नाही. मुंजीची पत्रिका तर सहज देता आली असती त्यांना, पण मला मागायचं सुचलंसुद्धा नाही. बोट दाखवतील अशी भीती तेव्हा कुठे होती? सर्जरीतली तक्रार तेव्हा आठवली नाही. हात आपोआप चालला.

म्हणजे ‘आपल्या माणसाला जास्त कडक’ हा माझा नियम नव्हताच. आपलं माणूस आलं की मी सैल होत होते. ती मुलगी आली तेव्हा झाले नाही. कारण आडनाव वाचलं त्या क्षणी मी तिला ‘आपली’ धरलंच नव्हतं. मराठी धरलं, आपली नाही. सहकारीने ‘तुमच्याच देशाची’ म्हटल्यावर ‘हो’ म्हणायला तेवढी आपली झाली.

आमच्या घरात कुणी कधी जातीचं नाव घेऊन वाईट बोललं नाही. माझे वडील तर सुधारक म्हणवायचे. मला कुणी विचारलं असतं तर मी छातीठोकपणे सांगितलं असतं की मी असलं काही मानत नाही. आणि ते सांगताना मी खोटं बोलत नसते, हाच भाग मला सगळ्यात जड जातो.

गेल्या महिन्यात नवऱ्याची रक्तदाबाची औषधं घ्यायला केमिस्टकडे गेले. नेहमीचं दुकान बंद होतं म्हणून जरा लांबच्या. काउंटरवर ती होती. चष्मा बारीक काड्यांचा झाला होता, बाकी तीच. मी नाव सांगण्याआधीच तिने मला ओळखलं. “नमस्कार, काकू,” म्हणाली, पाकीट शोधलं, जन्मतारीख विचारली, सही घेतली. मागे रांग होती. मी म्हटलं, “तुझ्याशी थोडं बोलायचं होतं.” तिने घड्याळ पाहिलं. “पाचला सुटते.”

मी पाचपर्यंत थांबले. पाऊस भुरभुरत होता. ती बाहेर आली आणि आम्ही बसस्टॉपकडे चालायला लागलो.

“आई कशी आहे?”

“तशीच. मंगळवार, गुरुवार, शनिवार. किडनीच्या लिस्टवर आहे.”

“अजून तूच नेतेस?”

“शनिवारी. बाकी आता हॉस्पिटलचा ट्रान्सपोर्ट येतो. सोशल वर्कर आली होती एकदा. चांगली होती. आई उगाच घाबरत होती.”

बसस्टॉपच्या बाकावर एक म्हातारा झोपलेला होता, म्हणून आम्ही उभ्याच राहिलो. मी सांगितलं. त्या सोमवारी कॅप्टनच्या सहा खुणा पुसल्या होत्या, दुसरीच्या तीन. तुझी एकच पुसायची होती.

“माहितेय,” ती म्हणाली.

“कसं?”

“कॅप्टनने सांगितलं ना, त्याच दिवशी. तिला वाटलं माझं पण केलं असेल तुम्ही. ती चेंजिंग रूममध्ये नाचत होती.”

“मग तू काही बोलली का नाहीस? तक्रार का नाही केलीस?”

तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. “हजेरीची तक्रार कुठे करायची असते, काकू? तुमच्याच खिडकीत.”

अर्धं सांगून थांबले असते तर पुन्हा तीच बरी दिसणारी गोष्ट झाली असती. म्हणून पुढचंही सांगितलं. मुंजीचं सांगितलं. आडनावाचं सांगितलं. नीट वाक्यं जुळली नाहीत, तीन-तीनदा ‘म्हणजे’ म्हणत सांगितलं. ती बसच्या बोर्डाकडे बघत ऐकत होती. बोर्डावर बस चार मिनिटांवर होती, मग तीन.

माझं सांगून झालं. मला वाटलं ती रडेल, किंवा मला काहीतरी बोलेल, आणि खरं सांगायचं तर मी त्याची वाट बघत होते. बोलली असती तर बरं वाटलं असतं मला. ती म्हणाली, “पुढच्या बुधवारी माझा इंटरव्ह्यू आहे. नर्सिंगच्या आधीचा कोर्स असतो ना, त्याचा. ते विचारतात आधीचं कॉलेज का सोडलं. रेकॉर्डवर हजेरी म्हणून लिहिलंय. तुम्ही लिहून द्याल? खरं काय झालं ते. कॉलेजच्या कागदावर.”

“देते.”

“बुधवारच्या आधी.”

“हो.”

तिने माझ्या फोनमध्ये तिचा नंबर टाकला. बस आली. तिने पास दाखवला आणि वर जाऊन बसली. हात वगैरे केला नाही.

पत्राचा पहिला मसुदा मी त्याच रात्री लिहिला आणि फोनवर तिला पाठवला. चांगला झाला होता, मला वाटलं. घरच्या जबाबदारीमुळे ही विद्यार्थिनी काही सेशनना येऊ शकली नाही, तिची कारणं योग्य होती, दुर्दैवाने कॉलेजकडून त्याची नोंद होऊ शकली नाही. सकाळी तिचं उत्तर आलं. “कॉलेजकडून म्हणजे कुणी? ते लिहिलं नाहीये.”

मी पुन्हा लिहिलं. मी हजेरीच्या ऑफिसात काम करते. मला तिच्या आईचा आजार माहीत होता. तिची गैरहजेरी ऑथराइज करण्याचा अधिकार मला होता. त्याच दिवशी मी दुसऱ्या दोन विद्यार्थिनींची गैरहजेरी कागद न घेता ऑथराइज केली, हिची केली नाही. हिचं नाव काढून टाकताना मी घरी फोन केला नाही. मुंजीचा विद्यार्थीही लिहिला, नाव न घेता. सही केली. नवऱ्याला दाखवलं. त्याने चष्मा लावून दोनदा वाचलं आणि म्हणाला, “हे असं कॉलेजच्या कागदावर गेलं तर तुझी नोकरी जाईल. तुला कळतंय ना?”

“कळतंय.”

“एवढं सगळं लिहायची गरज आहे? कॅप्टनचं आणि मुंजीचं काढून टाक. हिच्यापुरतं लिही.”

“हिच्यापुरतंच लिहिलं तर चूक झाली एवढंच दिसतं, अहो. हिच्यावर अन्याय झाला हे दिसत नाही.”

त्याने चष्मा काढून ठेवला. मग म्हणाला, “चार वर्षं बोलली नाहीस मला.” त्याला पत्रापेक्षा तेच जास्त लागलं होतं, असं मला वाटतं. मी त्याला चहा करून दिला. आम्ही दोघांनी तो टीव्ही न लावता घेतला.

सोमवारी मी आधी माझ्या मॅनेजरच्या खोलीत गेले, पत्राची एक प्रत तिच्या टेबलावर ठेवली, आणि मग दुसरी प्रत केमिस्टच्या दुकानात नेऊन दिली. मुलीने काउंटरवरच उघडून वाचली. शेवटपर्यंत. घडी घातली, पिशवीच्या आतल्या कप्प्यात ठेवली, आणि माझ्या मागच्या माणसाला विचारलं, “नेक्स्ट, प्लीज?”

मला सध्या घरी बसायला सांगितलंय. रजिस्टरमध्ये केलेले बदल तपासताहेत, किती वर्षांचे ते सांगितलेलं नाही. युनियनच्या माणसाने विचारलं, कुठल्या दबावाखाली लिहिलंत का? नाही म्हटलं. मंडळातून एकदोन फोन आले. मुंजवाल्या घरी कळलंय. त्या घरच्या बाईचा आवाज थंड होता. “आम्हाला यात ओढायची काय गरज होती?” ती म्हणाली. मी म्हटलं, “तुम्हाला नाही गं ओढलं. मला ओढलं.” तिने फोन ठेवला.

बुधवार होऊन नऊ दिवस झाले. इंटरव्ह्यू कसा झाला ते तिने कळवलेलं नाही. मला कळवावं असं काही कारणही नाही. दोनदा त्या केमिस्टच्या रस्त्याने गेले, आत गेले नाही. औषधं अजून महिनाभराची आहेत.